विहिणींची दुसरी फेरी

ब्रेकबाईचं खरं नाव ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, पण ते वाचायच्या फंदात कुणी पडत नसे. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी तिनंच शिकवली होती आणि ते सगळे तिला ब्रेकबाई म्हणत. अर्थात ती ऐकत नसताना. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक होता, पण पायाआधी तिचं तोंड चालायचं. “ब्रेक” हा शब्द ती अशा काही आवाजात काढायची की गाडीतला शिकाऊ तर थांबायचाच, शेजारून चाललेले सायकलवालेही पाय टेकायचे.

मनात आलेली गोष्ट ओठांवर यायला तिला वेळ लागत नसे. बँकेच्या मॅनेजरला तिनं ऐकवलं होतं, “साहेब, हा आरसा भांग पाडायला नाही बसवलेला.” डोळे मिटून वळण घेणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, “ऑपरेशन करतानाही असंच करता का?” लोक मात्र चिडत नसत, कारण तिच्या हाताखालून गेलेला माणूस गाडी नीट चालवायचा आणि पुढं आपल्या मुलांनाही तिच्याकडेच पाठवायचा.

तिचा नवरा कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल होतं आणि त्यावर गावातल्या म्हाताऱ्यांचे जबडे प्लास्टरमध्ये ओळीनं मांडलेले असायचे. दिवसभर तो लोकांची तोंडं दुरुस्त करायचा, पण घरातल्या तोंडापुढं त्याचं काही चालत नसे. तो फार बोलायचाही नाही. दोघांचं मिळून जेवढं बोलणं व्हायला हवं तेवढं ती एकटीच उरकायची.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा या तोंडापायी पहिल्याच बैठकीत घोटाळा झाला. मुलाकडची मंडळी घरी आली होती. मुलाच्या काकांनी गाडी फाटकासमोर तिरपी उभी केली होती. ब्रेकबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, खिडकीतून एक नजर टाकली आणि म्हणाली, “गाडी लावलीत की फेकलीत?” काका चहा न घेताच उठले. गाडी सरळ करायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. रात्री मुलीनं डोळे पुसत आईकडून वचन घेतलं. “आई, माझ्या सासूबाईंशी तू फक्त गोड बोलायचं. गोड जमलं नाही तर नुसतं हो म्हणायचं.”

“आणि हो म्हणण्यासारखं नसलं तर?”

“तरीही हो.”

सासूबाई, म्हणजे ब्रेकबाईच्या विहीणबाई, रेल्वे स्टेशनवर घोषणा करायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर येतेय, कुठली उशिरा धावतेय, हे सगळ्या गावाला त्यांच्या आवाजात कळायचं. आवाज असा की गाडी रद्द झाल्याचं सांगितलं तरी माणसाला आपल्यावर कुणी मेहेरबानी केल्यासारखं वाटावं. घरातही त्या तशाच बोलायच्या, शब्द न् शब्द सुटा, मध्ये नेमकी विश्रांती. नवरा लवकर गेला, मुलाला त्यांनी एकटीनं वाढवलं. मऊ, नीटनेटक्या आणि कमालीच्या सभ्य. ब्रेकबाईला त्यांच्यासमोर बसलं की अंगाला घट्ट होणारे कपडे घातल्यासारखं व्हायचं.

लग्नानंतर दर रविवारी विहीणबाईंचा फोन यायचा. तब्येत, हवा, मुलांची खुशाली एवढं झालं की मग खरी पंचाईत सुरू व्हायची.

“बरं, ठेवते मग,” विहीणबाई म्हणायच्या.

“हो हो, ठेवा.”

“नाही, आधी तुम्ही ठेवा.”

“छे, तुम्ही केलाय फोन. तुम्हीच ठेवा.”

“तुमचं काही काम अडलं नाही ना माझ्यामुळं?”

“काम कसलं? मुळीच नाही.”

यानंतर हवेचा विषय पुन्हा पहिल्यापासून निघायचा. शेवटी ब्रेकबाईनं त्यावर तोडगा काढला. फोनचा स्पीकर लावून तो ती डब्यांच्या फळीवर ठेवायची आणि बटाटे सोलत बसायची. मधून मधून “अगदी खरं” म्हणायची. एकदा विहीणबाईंनी मान आखडल्याचं सांगितलं आणि ती म्हणाली, “अगदी खरं, छानच झालं.” नवऱ्यानं मागच्या खोलीतून डोकं बाहेर काढून हाताचे पंजे हलवले, तेव्हा कुठं तिनं “छानच झालं म्हणजे वेळेवर लक्षात आलं” अशी सारवासारव केली.

हा गोडवा बघून मुलीला वाटलं, दोघींचं चांगलं जमतंय. आणि जावयाला वाटलं, दोघी जरा निवांत एकत्र राहिल्या तर आणखी जमेल. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी दोघांनी बेत ठरवला की सगळ्यांनी डोंगरावरच्या राखीव जंगलात फिरायला जायचं. तिथं पायवाटांची एक मोठी गोल फेरी होती. आधी ओढ्याच्या काठानं, मग चढून डोंगराच्या धारेवर, मग दाट झाडीतून उतरत पुन्हा पहिल्या जागी. ब्रेकबाईच्या नवऱ्यानं एका माणसाला उद्या दात द्यायचेत असं कारण सांगून अंग काढून घेतलं. निघताना तो हळूच म्हणाला, “सांभाळ.”

“मी पडणारी नाही.”

“पायाचं नाही म्हणत मी.”

जंगलाच्या फाटकाशी गाडी लावली आणि जावई खाली उतरला तो एका पायानं उंच आणि एका पायानं बुटका. कपाटातून किती वर्षांनी काढलेल्या बुटाचा तळवा गाडीतच राहिला होता. तो दोरीनं बांधून पाहिला, पण चार पावलांत बुटानं पुन्हा जबडा उघडला. मुलगी म्हणाली, “आम्ही इथं चहाच्या टपरीवर बसतो. तुम्ही दोघी एक फेरी मारून या. वाट गोल आहे, हरवायचं म्हटलं तरी हरवता येणार नाही.”

ब्रेकबाईला त्या क्षणी काय काय म्हणायचं होतं. बूट घालण्याआधी उलटा करून बघतात, हे तर होतंच. पण समोर विहीणबाई पांढरी टोपी सावरत हसत उभ्या होत्या. ती म्हणाली, “हो.”

तिकिटाच्या खिडकीतल्या बाईनं वाट समजावून सांगितली. झाडांवर पिवळे पट्टे आहेत ते धरून चालायचं, शेवटी दगडी बाक लागतं, तिथं डावीकडं फाटा आहे, तो घेतला की पार्किंग. “फाटा सोडलात तर पुन्हा ओढ्याकडं जाल,” तिनं बजावलं. तेवढ्यात दोघी फिरत्या फाटकाशी पोचल्या होत्या. ते एका वेळी एकालाच आत सोडणारं.

“तुम्ही व्हा पुढं, विहीणबाई.”

“छे छे, विहीणबाई, आधी तुम्ही.”

मागं रांग लागली. अखेर एक गृहस्थ “माफ करा” म्हणून दोघींच्या मधून आत शिरले आणि त्यांच्या मागोमाग त्यांचं अख्खं कुटुंब गेलं.

ओढ्याकाठचा पहिला टप्पा बरा होता. सपाट वाट, पाण्याचा आवाज, सावली. विहीणबाई झाडाझाडाकडं बघून “किती सुरेख” म्हणायच्या आणि ब्रेकबाई “अगदी खरं” म्हणायची. त्यानंतर चढ सुरू झाला आणि बोलणं आटलं. ब्रेकबाईचं आयुष्य बसून गेलेलं. पाय दणकट, पण ते पेडल दाबण्यापुरते. छातीत भाता फुंकल्यासारखं व्हायला लागलं. मागं वळून बघितलं तर विहीणबाईंचा चेहरा टोमॅटोसारखा झालेला.

“तुम्हाला थांबायचंय का, विहीणबाई?” ब्रेकबाईनं आशेनं विचारलं.

“माझी... काळजी... करू नका. तुम्हाला?”

“मला कुठं? मी मजेत.”

“मग चला.”

आणि दोघी मजेत असल्यामुळं एकीलाही बसता येईना. ब्रेकबाईनं बुटाचा बंद सुटल्याचं निमित्त करून वाकून उभं राहायचा उपाय शोधला. थोड्या वेळानं बघते तर विहीणबाईही बंद बांधतायत. त्यांचे बूट बिनबंदांचे होते.

धारेवर पोचल्यावर मात्र बसावंच लागलं, कारण तिथं सगळेच बसतात. खाली सगळं खोरं पसरलं होतं आणि वारा गार होता. विहीणबाईंनी डबा उघडला. त्यात उकडलेली अंडी होती, दोघींनी एकेक खाल्लं आणि एक उरलं.

“घ्या ना.”

“तुम्हीच घ्या. तुम्ही आणलीत.”

“तुमच्यासाठीच आणली होती.”

अंडं डब्यासकट इकडून तिकडं सरकत राहिलं. दोघींच्याही पोटात कावळे ओरडत होते आणि समोरच्या खडकावर एक खराखुरा कावळा बसलेला होता. डबा मध्यावर असताना त्यानं झडप घातली आणि अंडं घेऊन गेला. दोघी त्याच्याकडं बघत राहिल्या. “बरं झालं, त्यालाही मिळालं,” विहीणबाई म्हणाल्या. ब्रेकबाईनं दात आवळून “अगदी खरं” म्हटलं.

तेवढ्यात काठ्या टेकत दोन गिर्यारोहक आले. पक्की तयारीची माणसं होती, डोक्याला पट्ट्या, पाठीला पिशव्या. धबधबा कुठल्या बाजूला, असं त्यांनी विचारलं. विहीणबाईंनी मान किंचित वर केली आणि स्टेशनावरच्या आवाजात सांगितलं, “धबधब्याकडे जाणाऱ्यांनी उजव्या बाजूच्या वाटेने पुढे जावे.” दोघं आभार मानून ताबडतोब उजवीकडं वळले. ब्रेकबाईच्या मनात आलं, काय ही बाई. रेल्वेतली माहिती तर आहेच, शिवाय जंगलातलीही.

उतार सोपा असेल असं वाटलं होतं, पण उतारानं गुडघे बोलायला लागले. झाडी दाट, वाट वळणावळणाची. ब्रेकबाईचा डावा गुडघा प्रत्येक पावलाला कुरकुरत होता, आणि तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. चहाची टपरी, खुर्ची, आणि खुर्चीवर आपण. अखेर दगडी बाक दिसलं. त्याच्या डावीकडं फाटा, फाट्यावर बाणाची पाटी आणि झाडीतून गाड्यांच्या टपांची चमक. तिला गहिवरून आलं.

नेमक्या त्याच वेळी विहीणबाई फाट्यापाशी थबकल्या आणि पुढं जाणाऱ्या वाटेकडं बघत म्हणाल्या, “संपलीसुद्धा, नाही?”

हे त्या सुटकेच्या समाधानात म्हणाल्या होत्या. ब्रेकबाईला ते हळहळल्यासारखं ऐकू आलं.

“तुम्हाला अजून चालायचं असलं तर...” ती घाबरत म्हणाली.

आता विहीणबाईंना वाटलं, हिलाच चालायचंय. दणकट बाई आहे, एवढ्यानं हिचं काय होणार? आपल्यामुळं हिची हौस अर्धी राहिली तर सूनबाई काय म्हणेल?

“तुमची इच्छा असेल तर माझी ना नाही,” त्या म्हणाल्या.

“माझं काही नाही. तुम्ही म्हणाल तसं.”

“नको, तुम्ही म्हणाल तसं.”

“मग... चलायचं?”

“चला ना.”

आणि दोन्ही बायका, दोघींनाही टपरी दिसत असताना, डावीकडचा फाटा सोडून सरळ ओढ्याच्या वाटेला लागल्या. ब्रेकबाईनं एकदा मागं वळून पाहिलं. जावयाची गाडी झाडीआड जाईपर्यंत दिसत होती.

दुसऱ्या फेरीत कुणी “किती सुरेख” म्हणालं नाही. ओढा तोच होता, पण त्याचा आवाज आता डोक्यात जात होता. ब्रेकबाई पुढं, विहीणबाई मागं. चढाच्या अलीकडं ओढा ओलांडायला दगड टाकलेले होते. पहिल्या फेरीत ते सहज ओलांडले होते. आता ब्रेकबाई कशीबशी पलीकडं पोचली आणि वळून बघते तर विहीणबाई मधल्या शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवतायत आणि बघतायत मात्र टोपीकडं, जी वाऱ्यानं उडू पाहत होती.

“ब्रेक!” ब्रेकबाई ओरडली.

झाडांतले पक्षी उडाले. विहीणबाई थांबल्या, पण पाय थांबला नाही. तो घसरून गुडघ्यापर्यंत चिखलात गेला आणि टोपी पाण्यावरून वाहत निघाली.

“अगं बाई, डोळे कुठं ठेवलेस?” ब्रेकबाईचा बांध फुटला. “समोर बघून चालावं एवढं कळत नाही? टोपी महत्त्वाची की तंगडी? हात दे इकडं. तो नाही, दुसरा. अंग पुढं टाक. पुढं म्हटलं मी, मागं नाही.”

तिनं विहीणबाईंना ओढून काठावर घेतलं. मग आपण काय बोललो ते ब्रेकबाईला शब्दाशब्दानं आठवायला लागलं. अगं, तंगडी, कळत नाही. मुलीचा संसार डोळ्यांसमोरून टोपीसारखा वाहत गेला.

विहीणबाई खाली बसल्या. बूट काढला, त्यातलं पाणी ओतलं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि जो आवाज बाहेर आला तो कुठल्याही फलाटावर कुणी ऐकला नव्हता. घोगरा, चिडका आणि भराभर.

“तुमच्यामुळं झालं हे. फाट्यावर वळला असता तर आत्ता मी खुर्चीवर असते. कुठल्या माणसाला ही फेरी दोनदा मारायची हौस येते?”

“माझी हौस? तुम्हीच म्हणालात, संपलीसुद्धा.”

“संपली एकदाची, असं म्हणायचं होतं मला.”

“मग तसं म्हणायचं होतं. आयुष्यभर गावाला गाड्यांचं सांगत आलात, तेवढं एक वाक्य नाही सांगता आलं?”

“आणि तुम्ही आयुष्यभर लोकांना वळायला शिकवत आलात. एक डावं वळण नाही घेता आलं?”

ब्रेकबाई शेजारच्या ओंडक्यावर बसली.

तोंड उघडलंच होतं, तर विहीणबाईंनी आणखी बरंच बाहेर काढलं. लग्नात ब्रेकबाईनं दिलेला टेबललॅम्प त्यांना मुळीच आवडला नव्हता. तो हंसाच्या आकाराचा होता आणि त्याच्या चोचीतून उजेड यायचा. ब्रेकबाई म्हणाली, तो मलाही आवडला नव्हता, दुकानदारानं गळ्यात मारला. मग तिनं काकांचा विषय काढला. विहीणबाई म्हणाल्या, त्या काकांना असं कुणीतरी बोलायलाच हवं होतं, फक्त मला वाटलं होतं ते काम मी करीन. आणि अंडं? दोघींनाही ते हवं होतं. हे निघाल्यावर मात्र विहीणबाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलवत. त्यांचं हसू बघून ब्रेकबाईला हसू आलं आणि गुडघा दुखत असल्यामुळं ती हसता हसता कण्हत राहिली.

“त्या धबधब्याची वाट तुम्हाला कशी माहीत होती?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“कुठं माहीत होती? मी या जंगलात पहिल्यांदाच आलेय.”

“मग उजवीकडं कशावरून सांगितलंत?”

“कुणी वाट विचारली की माझं तोंड आपोआप चालतं. समोर कागद असला तर खरं सांगते. आज कागद नव्हता.” त्यांनी ओला बूट पुन्हा पायात घातला. “खरं सांगू? मी जितक्या गावांची नावं रोज घेते त्यातल्या एकाही गावी गेलेली नाही. सगळ्यांना गाडीत बसवून द्यायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. मुलगा वेगळा राहायला जाईपर्यंत घरात कुणीतरी बडबड करणारं होतं. आता रविवारी तुमच्याशी बोलते ना, तेव्हा फोन ठेवावासा वाटत नाही. ठेवला की घर एकदम गप्प होतं.”

ब्रेकबाईच्या डोळ्यांसमोर फळीवरचा फोन आणि बटाट्यांची सालं आली. “माझ्या घरी या ना मग,” ती अखेर म्हणाली. “आमच्याकडं गप्प घर बघायलाही मिळणार नाही. फक्त मागच्या खोलीत जाऊ नका, तिथं दात असतात.”

त्या उठायच्या बेतात होत्या तोच चढावरून काठ्यांचा टकटकाट आला. तेच दोघे गिर्यारोहक. त्यांच्या अंगाला काटे चिकटले होते आणि चेहऱ्यावर आनंद नव्हता.

“बाई,” पहिला विहीणबाईंना म्हणाला, “तुम्ही सांगितलेल्या वाटेवर धबधबा नाही. पाण्याची टाकी आहे. तीही रिकामी.”

विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्या काही पुटपुटणार तोच ब्रेकबाई ओंडक्यावरून उठली.

“पाठीवर एवढं सामान आहे, त्यात नकाशा नाही?”

“आहे, पण...”

“मग तो काय उशाला घ्यायला आणलाय? नकाशा पिशवीत ठेवून जंगलात बसलेल्या बायकांना वाट विचारायची आणि वर त्यांनाच जाब विचारायचा? यांचा पाय आत्ताच ओढ्यात गेलाय, दिसत नाही?”

दोघांनी विहीणबाईंच्या पायाकडं बघितलं आणि पहिल्यानं मुकाट्यानं त्यांना आपली एक काठी दिली. ते निघून गेल्यावर विहीणबाई म्हणाल्या, “चूक तर माझीच होती.”

“होतीच. पण ते सांगायचं झालं तर मी सांगीन. ते कोण?”

आता प्रश्न होता, पुढं जायचं की मागं फिरायचं. ब्रेकबाई म्हणाली पुढं, मागं ते दगड पुन्हा ओलांडावे लागतील. विहीणबाई म्हणाल्या मागं, पुढं चढ आहे. यावर दोघींनी बराच वेळ वाद घातला आणि दोघींनाही तो मनापासून आवडला. तेवढ्यात डोंगरावरचा भोंगा खरखरला. वणव्याची सूचना द्यायला ते भोंगे बसवलेले होते. तिकिटाच्या खिडकीतली बाई बोलत होती, “...र्व पर्यटकांना सूच... दोन वृद्ध महिला चुक... एक जाड, मोठ्या आव... दुसरी पांढरी टो...”

“वृद्ध?” ब्रेकबाई म्हणाली.

“शब्द गिळतेय,” विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा राग वेगळ्याच कारणाचा होता. “वाक्याचा शेवट खाते. सूचना अशी देतात? कोण हरवलंय तेच कळत नाही.”

“जाड म्हणाली मला.”

“ते मात्र स्पष्ट ऐकू आलं.”

दोघी मागं वळल्या. दगड त्यांनी एकमेकींचा हात धरून ओलांडले. ब्रेकबाई प्रत्येक पावलाला हुकूम सोडत होती आणि विहीणबाई प्रत्येक हुकमाला “कळतंय मला” म्हणत होत्या. या खेपेला दमल्या की त्या सरळ “बसू या” म्हणायच्या आणि बसायच्या. दगडी बाकाशी वनरक्षक भेटला. तो शिटी फुंकत निघाला होता. त्यानं विचारलं, “हरवलेल्या महिला तुम्हीच का?”

“हरवलो नव्हतो,” ब्रेकबाई म्हणाली. “दुसऱ्यांदा निघालो होतो.”

वनरक्षकानं दोघींकडं एकवार बघितलं आणि पुढं काही न विचारता त्यांना टपरीपर्यंत पोचवलं.

मुलगी धावत आली. सासूच्या पायाला चिखल, आईच्या केसांत पानं, आणि दोघी तावातावानं भांडतायत. विहीणबाई म्हणत होत्या की आधीच मागं फिरलो असतो तर एव्हाना चहा झाला असता. ब्रेकबाई म्हणत होती, एव्हाना चहा झाला असता पण तुझी टोपी तरीही गेलीच असती. “तुझी” हा शब्द कानावर पडताच मुलीनं बाजूला जाऊन वडिलांना फोन लावला.

“बाबा, आई बोलली.”

पलीकडं कवळी घासल्याचा आवाज थांबला. “किती?”

“सगळंच बोलली वाटतं.”

“आणि त्या?”

मुलीनं वळून पाहिलं. विहीणबाई टपरीच्या खिडकीत वाकून चहावाल्याला त्या घोगऱ्या, भराभर आवाजात सांगत होत्या की आम्हाला दोन चहा लगेच हवेत, मोठ्या कपात, आणि या बाईंच्या चहात साखर कमी, त्या आपण होऊन सांगणार नाहीत.

“त्याही बोलतायत,” मुलगी म्हणाली.

परतीच्या वाटेवर दोघी मागच्या सीटवर बसल्या. खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर वाद झाला, निम्मी उघडी ठेवून तो मिटला, आणि मिटला नाही तोच विहीणबाई झोपी गेल्या. जावयानं आरशात बघून हळूच विचारलं, “आई रागावलीय का फार?”

“तुझी आई दमलीय,” ब्रेकबाई म्हणाली. “आणि तू वळताना हात दाखवला नाहीस.”

पुढच्या आठवड्यात विहीणबाई खरोखरच राहायला आल्या. त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं, जबड्यांची रांग बघितली, आणि घाबरायच्या ऐवजी तिथंच स्टूल ओढून बसल्या. ब्रेकबाईच्या नवऱ्याला त्यांनी विचारलं, यातला सर्वांत जास्त बोलणारा कुठला? त्यानं विचार करून एक उचलून दिला. मग त्यानं त्या जबड्याच्या मालकाची अशी गोष्ट सांगितली की ब्रेकबाई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं ती ऐकलेली नव्हती. “मला कधी सांगितली नाहीस ती,” ती म्हणाली. नवरा म्हणाला, “मध्ये जागा मिळाली नाही.”

त्यानंतर दोघी महिन्यातून एकदा कुठल्या ना कुठल्या डोंगरावर जायला लागल्या. दोघींनी ठरवलं होतं, विहीणबाई स्टेशनवर ज्या गावांची नावं घेतात त्यांतल्याच एखाद्या गावाजवळचा डोंगर निवडायचा. मुलगी आणि जावई सुरुवातीला सोबत जायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या दोघींच्या मधे चालणं म्हणजे दोन भोंग्यांच्या मधे उभं राहणं. एका सुट्टीच्या सकाळी दोघं पाण्याच्या बाटल्या भरून, नवे बूट घालून ब्रेकबाईच्या दारात तयार उभे होते. ब्रेकबाई आणि विहीणबाई पाठीला पिशव्या लावून त्यांच्यासमोरून बाहेर पडल्या.

“आई, आम्ही येतोय ना,” मुलगी म्हणाली.

“तुम्ही कशाला?” विहीणबाई म्हणाल्या. “तुम्ही आलात की आम्हाला नीट भांडता येत नाही.”

आणि बस चुकेल म्हणून दोघी घाईघाईनं पायऱ्या उतरायला लागल्या.